पांढरा दिवा वर, लाल दिवा खाली

"पण बोटीत पायलट नव्हता ना?" मी विचारलं.

"नव्हता."

"मग पायलट बोटीचे दिवे का लावले होते?"

"लावा लागतेत," गजानन म्हणाला आणि पुन्हा गप्प बसला.

तासाभरापासून हेच चाललं होतं. चिखलीतल्या माझ्या ऑफिसात तो समोर बसला होता आणि शेजारी त्याचे वडील प्रल्हादराव. अमडापूरला त्यांचा भाजीपाल्याचा मळा आहे. मी वकील. वाटण्या, शेतांमधल्या धुऱ्याची भांडणं आणि मोटार अपघाताचे दावे, यावर माझी वकिली चालते. समुद्राची केस मी आयुष्यात पाहिली नव्हती. तसं मी स्पष्ट सांगितलंही. त्यावर प्रल्हादरावांचं म्हणणं असं, की मॅडम, तुम्ही ट्रकच्या केसा लढता, बोट म्हणजे पाण्यातली गाडीच. शिवाय समुद्राकाठच्या वकिलाला आपली भाषा कळणार नाही. गजाननची भाषा मलाही कळत नव्हती, कारण तो बोलतच नव्हता.

प्रकरण असं होतं. मोठं जहाज बंदरात आपलं आपण शिरत नाही. पाणी कुठे खोल, कुठे उथळ, हे ज्याला पाठ आहे असा बंदराचा माणूस जहाजावर चढतो आणि कॅप्टनला वाट सांगतो. तो पायलट. त्याला जहाजापर्यंत नेणारी आणि परत आणणारी छोटी बोट म्हणजे पायलट बोट. बंदराला अशा बोटी पुरवणाऱ्या एका कंत्राटदार कंपनीत गजानन बोट चालवायचा.

एका सकाळी त्याने पायलटला एका जहाजावर सोडलं आणि दुसऱ्या जहाजावरच्या पायलटला उतरवून घ्यायला निघाला. सूर्य उगवला होता, पण धुकं दाट होतं. वाटेत एक मासेमारीची होडी त्याच्या बोटीला घासली. होडीवाला फळीवर आपटला आणि त्याच्या खांद्याचं हाड मोडलं.

कंपनीने गजाननला नोटीस दिली. बोटीत पायलट नसताना पायलटचा झेंडा आणि दिवे लावले. सूर्य उगवल्यावरही दिवे चालू ठेवले. त्यामुळे होडीवाल्याची दिशाभूल झाली. चूक मान्य करून सही दे, नाहीतर बोट चालवण्याचं सर्टिफिकेट रद्द करायची शिफारस करू. गजाननने सही केली नाही आणि तो घरी निघून आला. बंदर खात्याच्या चौकशी अधिकाऱ्यासमोर व्हिडिओवर सुनावणी होणार होती. सर्टिफिकेट गेलं तर पुन्हा कुठल्याच बोटीवर काम नाही.

मी नियम काढून वाचायला बसले. ते ज्याने लिहिले त्याला पूर्णविराम माहीत नसावा. एक वाक्य सुरू होतं ते पान उलटलं तरी संपत नाही. रोज संध्याकाळी मी अमडापूरला फोन लावायची आणि एकेक शब्द विचारायची. उत्तर यायचं "हाव" किंवा "नाई". हाव कशाला आणि नाई कशाला, ते मी शोधायचं.

तरी हळूहळू उलगडलं. झेंड्यांचे दोन प्रकार एकमेकांत मिसळले होते. पायलट जहाजावर चढला, की ते जहाज पांढरा-लाल झेंडा चढवतं. त्या झेंड्याचा अर्थ, आमच्याकडे पायलट आलेला आहे. छोट्या बोटीवरही पांढरा-लाल झेंडा असतो, पण तिथे अर्थ वेगळा. ही पायलटची ने-आण करणारी बोट आहे, एवढंच तो सांगतो. नोटीस लिहिणाऱ्याने जहाजाचा नियम बोटीला लावला होता.

दिव्यांचंही तसंच. पायलट बोट ड्यूटीवर असली, की डोलकाठीवर दोन दिवे लागतात, वर पांढरा आणि खाली लाल. ड्यूटी संपली, की ते बंद करायचे आणि साध्या बोटीसारखे दिवे ठेवायचे. फक्त याच मुद्द्यावर गजानन एकदा फोनवर सलग बोलला. "मॅडम, हे उलटं झालं ना, लाल वर आन् पांढरा खाली, तं त्याचा अर्थ जाळं टाकलेली होडी. समोरचा मंग जाळं चुकवून बाजूनं जाते. म्हणून मी दिवे निघाच्या आधी पाह्यतो. रोज." मी म्हटलं, अरे, हे पहिल्या दिवशी का नाही सांगितलंस? तो म्हणाला, तुम्ही इचारलं नाई.

सुनावणीच्या दिवशी सकाळीच लाइट गेली. इन्व्हर्टरवर लॅपटॉप आणि माझ्या मोबाइलचं नेट, अशी तयारी करून आम्ही बसलो. गजानन माझ्या शेजारी आणि प्रल्हादराव भिंतीजवळच्या बाकावर. स्क्रीनवर चौकशी अधिकारी होते. पूर्वी जहाजावर कॅप्टन होते म्हणे, मोजकं बोलणारे गृहस्थ. दुसऱ्या चौकोनात कंपनीचे वकील. त्यांनी सुरुवातच अशी केली, की बुलढाणा जिल्ह्यात समुद्र नसल्यामुळे मॅडमना काही गोष्टी समजावून सांगाव्या लागतील.

मी म्हटलं, "समुद्र नाही. नियमाचं पुस्तक मात्र इथेही उघडतं. आपण तेच उघडू."

मग मी एकेक मुद्दा घेतला. पेशंटला आणायला निघालेली ॲम्ब्युलन्स रिकामी असते, म्हणून ती ड्यूटीवर नसते का? गजानन दुसऱ्या जहाजावरून पायलट आणायला निघाला होता, म्हणजे ड्यूटीवरच होता. झेंडा बरोबर. आणि दिवे सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत लावायचे, हे खरं, पण नीट दिसत नसेल तर दिवसाही लावायचे, हे त्याच नियमात पुढे लिहिलं आहे. नोटीस लिहिणारा तिथपर्यंत पोचलाच नव्हता. कंपनीच्या वकिलांनी तीच वाक्यं फिरवून फिरवून सांगितली. मध्येच त्यांचा आवाज बंद झाला आणि बराच वेळ ते नुसते हात हलवत राहिले.

मग होडीवाल्याला जोडलं. मध्यम वयाचा माणूस, हात गळ्यात बांधलेला. त्याने सरळ सांगितलं, की वर पांढरा आणि खाली लाल दिवा दिसला तेव्हाच ही पायलट बोट आहे हे कळलं. दिशाभूल वगैरे काही झाली नाही. पण दिसला तो अगदी जवळ आल्यावर. बोटीचा वेग मात्र कमी होता, हेही त्याने आपणहून सांगितलं.

मला वाटलं, केस संपली. मी पेनाला टोपण लावत होते.

तेवढ्यात अधिकाऱ्यांनी होडीवाल्याला विचारलं, "हॉर्न ऐकला होता?"

"नाही साहेब."

धुक्यात इंजिनाच्या बोटीने दर दोन मिनिटांच्या आत एक लांब हॉर्न द्यायचा असतो. हा नियम मी वाचला होता. पण अख्ख्या नोटिशीत हॉर्न हा शब्दच नव्हता. अधिकाऱ्यांनी गजाननला विचारलं, हॉर्न दिला होता का. गजानन टेबलाकडे बघत राहिला. त्यांनी पुन्हा विचारलं. मी घाईघाईने दहा मिनिटं मागून घेतली आणि कॅमेरा-आवाज दोन्ही बंद केले.

"हॉर्न का नाही दिलास?"

"बंद होता."

"कधीपासून?"

"आदल्या दिवशीपासून. त्या सकाळी सुपरवायझरले सांगतलं होतं. तो म्हणे, आजचा दिवस चालव."

मी म्हटलं, अरे बाबा, हीच तर केस आहे. झेंडे आणि दिवे करत मी इतके दिवस डोळे फोडले आणि तू हे पोटात ठेवून बसलास? नोटिशीवर सही त्याच सुपरवायझरची होती. हॉर्नचं नाव त्यात का नव्हतं, ते आता लख्ख दिसत होतं.

बाकावरून प्रल्हादराव बोलले. "त्याचं नाव नका घेऊ, वकीलबाई. तो आमच्या कविताचा दीर हाय."

कविता म्हणजे गजाननची बहीण, डोणगावला दिलेली. तिच्या धाकट्या दिरानेच, संजूने, गजाननला या नोकरीला लावलं होतं. प्रल्हादरावांनी मुलाला बजावून ठेवलं होतं, की सर्टिफिकेट गेलं तर जाऊ दे, मळा आहे, पण पोरीच्या सासरी तोंड दाखवायला जागा राहिली पाहिजे. म्हणजे मला वकील नेमलं ते केस जिंकायला, पण फार जिंकायला नाही.

मी रागावले. खोटं बोलायला मी सांगणार नाही, म्हटलं, आणि गप्प बसलास तर हॉर्नचा सगळा दोष तुझ्यावर येईल. प्रल्हादराव मान खाली घालून बसले. त्यांचा मात्र राग येईना, हे आणखी वाईट.

गजाननने बापाकडे पाहिलं. "बाबा, तो होडीवाला मेला असता तं?" तो हळूच म्हणाला. "आन् संजूनं मलेच चोर केलं ना. त्यानं काऊन नाई पाह्यलं सोयरपण?"

प्रल्हादराव नको म्हणाले नाहीत. मी कॅमेरा चालू केला.

गजाननने सगळं सांगितलं. हॉर्न बंद होता, सुपरवायझरला सांगितलं होतं, त्याने चालव म्हटलं. अधिकाऱ्यांनी विचारलं, मग आवाजासाठी दुसरं काही केलंस? तो म्हणाला, खलाशाला पुढे उभं करून पत्र्याचा डबा वाजवायला लावला होता. हेही मी पहिल्यांदाच ऐकत होते. कंपनीचे वकील हसले. अधिकारी हसले नाहीत. त्यांनी होडीवाल्यालाही विचारलं. तो जरा आठवून म्हणाला, हो, काहीतरी पत्र्यासारखं वाजत होतं, मला वाटलं आपल्यातलीच कुणाची होडी आहे.

काही दिवसांनी निकाल आला. झेंडा आणि दिवे, दोन्ही आरोप रद्द. दिवे लावले हे बरोबरच केलं, असंही त्यात स्पष्ट लिहिलं होतं. पण हॉर्न बंद असताना धुक्यात बोट काढायला नको होती. वरच्याने सांगितलं तरी नकार द्यायचा अधिकार बोट चालवणाऱ्याला आहे, आणि तो न वापरल्याबद्दल सर्टिफिकेट काही महिन्यांपुरतं निलंबित. रद्द नाही. बोट नादुरुस्त ठेवल्याचा ठपका कंपनीवर आला आणि होडीवाल्याच्या उपचाराची जबाबदारीही. सुपरवायझरला कंपनीने काढून टाकलं.

निलंबनाचे महिने गजाननने मळ्यात काढले. आता तो दुसऱ्या बंदरावर पायलट बोट चालवतो. कविताच्या सासरचे लोक त्या दिवाळीला अमडापूरला आले नाहीत आणि तिलाही पाठवलं नाही. पुढच्या वर्षी ती एकटी येऊन गेली. प्रल्हादराव अजूनही रस्त्यात भेटले, की नमस्कार करतात, पण थांबत नाहीत. निकालावर ते खूश आहेत की नाराज, मला आजवर कळलेलं नाही.

तेव्हापासून मी नवीन केस घेताना कागद नंतर बघते. आधी विचारते, समोरच्या पार्टीत तुमचं सोयरं कोण आहे?