दवाखान्यात जायचे कपडे

व्हर्नेटा पिकेट शाळेची बस चालवायची. अलाबामातल्या त्या काळ्या मातीच्या पट्ट्यात घरं लांब लांब, त्यामुळे पहिलं पोर चढायचं तेव्हा धड उजाडलेलंही नसायचं. आठवा महिना लागला तरी ती चालवतच होती. पोट स्टिअरिंगला टेकायला लागलं म्हणून तिने सीट मागे सरकवली, तर पाय पुरेनात. परत पुढे घेतली.

"मिस व्हर्नेटा, बस बाळ चालवतंय का?" मागून एखादं कार्टं ओरडायचं.

"हो, आणि तुझ्यापेक्षा गप्प बसतं ते!"

छत्तिशीत आलेली व्हर्नेटा. आधीची दोन पोटातच गेली होती, म्हणून या खेपेला बरेच दिवस तिने कुणाला कळूच दिलं नाही. गावच्या दवाखान्यातला बाळंतपणाचा विभाग कधीच बंद पडला होता. तपासणीला दूर माँटगोमरी शहर गाठायचं, आणि तिथे दर खेपेला नवा डॉक्टर. पाय सुजतात म्हटलं की मीठ कमी खा, झोप येत नाही म्हटलं की वजन आटोक्यात ठेवा. मान वर करून तिच्याकडे बघणारा विरळाच. तिचा नवरा रोलंड मासे सोलायच्या कारखान्यात होता. रजा मिळेल त्या दिवशी तो सोबत यायचा.

शेवटी पोट फाडून मुलगी झाली. मेरिबेल. रंग अजून पुरता यायचा होता, पण कानांच्या कडा गडद काळ्याभोर. "हिचा खरा रंग कानात लपलाय," म्हणत ओडेसा मावशीने तिला उचललं, ते दिवसभर खाली ठेवलंच नाही. व्हर्नेटाला आईमागे या मावशीनेच वाढवलं होतं. आता ती बोचकं घेऊन बाळंतपण करायला आली होती, आणि घरात तिचंच राज्य सुरू झालं. डोकं धुवायचं नाही, अनवाणी फिरायचं नाही, दारात उभं राहायचं नाही.

"मावशी, बाहेर उकडतंय किती! मोजे कसले घालतेस व्हर्नेटाला?" रोलंड म्हणाला.

"तू बाळंत झालायस का? नाही ना? मग भांडी घास."

चर्चमधल्या बायका येऊन गेल्या. कुणी तळलेलं चिकन आणलं, कुणी रताळ्याची खीर. खाल्लं, बाळाला पाहिलं, आणि जाताना प्रत्येकीने व्हर्नेटाच्या खांद्यावर थाप मारली. "तू काय बाई, खंबीर आहेस!" व्हर्नेटाला त्या घटकेला फक्त आडवं व्हायचं होतं.

घरी येऊन आठवडा झाला असेल नसेल, तिचं डोकं धरलं. साधं दुखणं नव्हे, कुणी आतून पाचर ठोकावी तसं. डोळ्यांपुढे काजवे. तिने दवाखान्यात फोन लावला. पलीकडची बाई गोड आवाजात म्हणाली, "नव्या आयांना जागरणाने होतं असं. एक गोळी घ्या, पडून राहा."

ती पडून राहिली. दुसऱ्या दिवशी दुपारी मावशी सूप घेऊन खोलीत आली आणि वाडगं तसंच खाली ठेवलं. व्हर्नेटाचा चेहरा भाकरीसारखा फुगला होता.

"रोलंड! गाडी काढ."

व्हर्नेटा भिंतीला धरून उठली आणि कपाटाशी गेली. रविवारचा जांभळा झगा काढला.

"अगं, वेड लागलंय का तुला? आहे तशी चल!"

"आहे तशी गेले की आपल्यासारख्या काळ्या बायांना बसवून ठेवतात, मावशी. केस बांध माझे." मग नवऱ्याकडे वळून, "तूही तो कारखान्याचा शर्ट बदल. आणि लग्नाची अंगठी घाल."

मावशीने फणी उचलली आणि तिचे केस विंचरून बांधले. टाके दुखत असताना, डोळ्यांना नीट दिसत नसताना व्हर्नेटाने झग्याची बटणं चाचपत लावली. बाळ मावशीपाशी ठेवून दोघं निघाली.

दवाखान्यात तिने नोंदणीच्या खिडकीतल्या बाईला नीट, सावकाश, शाळेत बोलावं तसं सांगितलं. नुकतंच बाळंतपण झालंय, डोकं फार दुखतंय, नीट दिसत नाहीये. बाई म्हणाली, बसा. ती बसली. तिच्यानंतर आलेला, पाय मुरगळलेला माणूस आत गेला. रोलंड ताडकन उठला. तिने त्याचं मनगट धरलं.

"आवाज चढवू नकोस."

"ही काय बसायची वेळ आहे?"

"तू ओरडलास तर पहारेकरी येईल, रोलंड. डॉक्टर नाही येणार."

तो खाली बसला. पुढे कितीतरी वर्षं त्याला ते बसणं डाचत राहिलं. कारण थोड्याच वेळात त्याच्या हातातलं तिचं मनगट ताठरलं, मान मागे गेली, आणि जांभळ्या झग्यासकट ती खुर्चीवरून फरशीवर घसरली. झटका आला होता. मग मात्र सगळे धावले.

ती वाचली. रक्तदाब इतका चढला होता की मेंदूला इजा व्हायची वेळ आली होती, असं नंतर एका तरुण डॉक्टरणीने सांगितलं. डॉक्टरीण भली होती, खाटेवर टेकून बोलत होती.

"लवकर यायला हवं होतं तुम्ही."

"फोन केला होता," व्हर्नेटा म्हणाली. "आणि आल्यावर बसले होते."

घरी परतली तोवर दूध आटलं होतं. मेरिबेल बाटलीला आणि मावशीच्या कुशीला सरावली होती. व्हर्नेटाने जवळ घेतलं की रडायची. मावशी मुद्दाम परसात जाऊन बसायची, बाळाला तिचा वास येऊ नये म्हणून. असे बरेच दिवस गेले, आणि एकदा पोर आईच्या गळ्याशी तोंड घालून निजली.

बस मात्र गेली. झटका आलेल्याच्या हाती शाळेची बस देत नाहीत. तिला शाळेच्या स्वयंपाकघरात काम मिळालं. सकाळी बस फाटकातून आत येताना दिसली की ती पाठ करून बटाटे सोलायची.

पुढे एका रविवारी चर्चमध्ये पाद्र्याच्या बायकोने तिला गाठलं. "व्हर्नेटा, आज उभी राहून सांग ना सगळ्यांना, देवाने कसं तारलं ते. किती बायांना धीर येईल!"

"नको, ताई. देवाला माहीत आहे. मला बसू द्या."

ताईंनी तिच्या मांडीवरून मेरिबेलला उचललं आणि मागच्या बाकावर जाऊन बसल्या. गाणं सुरू झालं, लोक उभे राहिले, टाळ्या पडू लागल्या. व्हर्नेटाची मान रोलंडच्या खांद्यावर कलंडली. ती घोरायला लागली तेव्हा पुढच्या बाकावरची दोन पोरं फिसकन हसली, आणि मावशीने हातपंख्याच्या दांड्याने दोघांच्या डोक्यात एकेक टपली हाणली.