कवळीतले बुडबुडे

नात नखांना रंग लावायला बसली की त्या उग्र वासाने मी थेट शिवाजीनगरातल्या कवळ्यांच्या कारखान्यात जाऊन पोचतो. १९६० सालाच्या आसपास मी तिथे तसाच वास येणाऱ्या लगद्यापासून गुलाबी प्लॅस्टिकच्या कवळ्या बनवायचो. प्रत्येक कवळीबरोबर त्याच लगद्याची एक पट्टी शिजवायची, वजनं टांगून तिची ताकद बघायची आणि मगच कवळी द्यायची, असा मालकांचा नियम होता. एकदा घरी लवकर जायच्या नादात लगदा शिजवायचं पाणी हळूहळू तापवायचं सोडून मी भराभरा उकळवलं. पट्टीत बारीक बुडबुडे दिसले, म्हणजे कवळीतही ते असणार; तेव्हा ती लपवून मी आधीची उरलेली चांगली पट्टी टांगली. मालक कानडी वळणाने म्हणाले, "सरी, ठीक आहे, देऊन टाक." कवळी आमच्याच गल्लीतल्या एका म्हाताऱ्या अक्कांची होती. आठवड्याभरात त्या रुमालात दोन तुकडे घेऊन आल्या. नातवाच्या मुंजीत, भर पंगतीत ती तोंडातच मोडली होती. "माझंच चुकलं, अण्णा," तोंडावर पदर धरून त्या म्हणाल्या, "चकली स्वल्प कडक होती." मोडलेल्या कडेवर ते बुडबुडे मला स्पष्ट दिसत होते. "जपून खात जा, अक्का," मी म्हणालो. आता माझ्याही तोंडात कवळी आहे. सून रोज ताट वाढताना 'जपून खा' हेच सांगते, आणि माझा पहिला घास तोंडातच फिरत राहतो.