मुंजाजीचं टेंगूळ

झरीकडं जाणाऱ्या डांबरी रस्त्याला एका गावाशी वळण आहे आणि त्या वळणावर मुंजाजीची पिठाची गिरणी. मुंजाजी पन्नाशीचा, अंगानं भरलेला आणि आवाजानं त्याहून भरलेला. गिरणीच्या घरघरीवरून बोलायची सवय, म्हणून कानात सांगायची गोष्टही तो पाराला ऐकू जाईल अशी सांगायचा. गावातल्या कुठल्याही भानगडीत त्याचं मत असायचंच. तो स्वतःच म्हणायचा, "आमचं डोकं म्हंजी गिरणी. दाणा असू दे न्हाईतर नसू दे, पट्टा फिरतच ऱ्हातो."

पोळा होऊन गेला होता. एका सकाळी समोरच्या गल्लीतली तानुबाई ज्वारीचा डबा काखेत घेऊन दळणाला निघाली. म्हातारीनं गल्लीच्या तोंडाशी पाऊल पुढं टाकलं आणि वळणावरून एक मोटारसायकल सूं करत आली. गाडीवरच्या पोरानं ब्रेक दाबला, गाडी तिरपी झाली, तानुबाई मागच्या मागं पडली. ज्वारी रस्ताभर. नशिबानं कोपर खरचटण्यावर भागलं. पण मुंजाजी पिठाच्या हातानं बाहेर आला तो कडाडतच.

"हितं गतिरोधक पायजे! आजच्या आज!"

ग्रामपंचायतीचा मेंबर शिवकांत शांत स्वभावाचा. तो म्हणाला, "मुंजाजी, अर्ज करू. बांधकाम खात्याचे लोक येतील, मापात करतील. रस्त्यावर आपल्या मनानं काई करता येत न्हाई."

"तुमचा अर्ज पोचंपर्यंत म्हातारी वर पोचंल!"

दुसऱ्याच दिवशी त्यानं ट्रॅक्टरभर गिट्टी आणली, सिमेंट आणलं, गडी लावले आणि भर दुपारी गतिरोधक उठवला. माप विचाराल तर मुंजाजीचा हिशोब सरळ होता: जेवढी उंची, तेवढी सुरक्षा. त्यामुळं तो झाला जवळजवळ गुडघ्याएवढा. गवंडी म्हणाला, पांढरे पट्टे मारू. मुंजाजी म्हणाला, "येवढं मोठं दिसत न्हाई, त्यानं गाडी चालवावीच कशाला?"

मग जीपची पोटं घासू लागली. दूधवाल्याचे कॅन कलंडले. एसटीत मागच्या बाकावर बसलेले पावणे टपाला टेकून आले आणि कंडक्टरनं खाली उतरून गिरणीकडं तोंड करून जे काय सांगायचं ते सांगितलं. गावानं त्या उंचवट्याला नाव ठेवलं, 'मुंजाजीचं टेंगूळ'. मुंजाजीला ते आवडलं. काम झालं की नावच पडतं, असं त्याला वाटलं.

एका रविवारी तो बायकोला, कमलबाईला, मागं बसवून मानवतहून निघाला. बहिणीकडचं जेवण अंगावर आलेलं, दिवस मावळलेला. कमलबाई एका बाजूला पाय सोडून बसलेली, हातात बहिणीनं दिलेली वांग्यांची पिशवी. मुंजाजी मान अर्धी मागं वळवून गतिरोधकाचंच कौतुक सांगत होता. आपण कुठं आलो हे त्याच्या ध्यानातच आलं नाही. गाडी टेंगळावर चढली, आदळली, तो टाकीवर आपटला, कसाबसा सावरला आणि बोलणं तोडलं तिथून पुढं सुरू केलं.

"शिवकांतला काय कळतंय? बरुबर हाय का न्हाई?"

मागून उत्तर नाही. लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच ही आपल्या मताची झाली, म्हणून तो खूश झाला. दारात गाडी लावली, वळून बघतो तर शीट मोकळं.

तो पळत सुटला. कमलबाई गल्लीच्या तोंडाशी रस्त्याच्या कडेला बसली होती, घोटा धरून. तानुबाई तिला पाणी पाजत होती. वांगी सगळीकडं.

"अगं, लय लागलं का?"

"आता इचारायलाव व्हय? मी वरडले, तुमी बोलतच निघून गेलाव."

त्यानं तिला उठवायला हात दिला. तेवढ्यात वळणावरून एक टेम्पो अचानक अंगावर आला. मुंजाजीनं दोघींना ओढून गल्लीत घेतलं. टेम्पो टेंगळावर दणकून पुढं गेला. मुंजाजी बायकोशेजारीच खाली बसला. "येवढी मोठी गाडी, अन् दिसली कशी न्हाई?"

"कशी दिसंल?" कमलबाईनं हात केला. "बघा की समोर."

समोर, गल्लीच्या कोपऱ्यावरच, दोन बांबूंवर ताणलेला मुंजाजी होता. श्रावणात त्याच्या वाढदिवसाला मित्रमंडळींनी लावलेला फ्लेक्स. डोळ्यांवर गॉगल, कानाला मोबाईल, खाली हार्दिक शुभेच्छा. वाढदिवस होऊन जमाना झाला, पण काढायला मन झालं नव्हतं. गल्लीतून बाहेर येणाऱ्याला वळणाचा रस्ता कुठून दिसणार?

तानुबाई म्हणाली, "त्या दिशी बी मला गाडी दिसलीच न्हाई बाबा. तुझंच तोंड दिसलं."

"मग बोलली का न्हाईस, मावशी?"

"तुझ्यापुढं कुनाचं ऐकू येतंय?"

मुंजाजी उठला आणि ते आपलंच थोबाड त्यानं आपल्या हातानं फाडलं.

कमलबाईचा घोटा सुजून भोपळा झाला. ती बाजेवर पडून असताना मुंजाजीनं पहार घेऊन टेंगूळ फोडायला घेतलं. बांधायला अर्धा दिवस लागला होता, फुटता दोन दिवसांत फुटेना. येणाराजाणारा थांबून विचारी, "काय मुंजाजी, मजबूत हाय वाटतं?" तो घाम पुसत म्हणे, "आमची अक्कल सोडली तर सगळंच मजबूत हाय."

शेवटी टेंगूळ सपाट झालं, मग तो शिवकांतकडं गेला, खालच्या आवाजात बोलला आणि अर्ज झाला. पावसाळ्याआधी खात्याचे लोक आले. ठेंगणा, पसरट गतिरोधक झाला, पांढरे पट्टे पडले, अलीकडं पाटी लागली. दळणाला येणाऱ्यांच्या गाड्याही मुंजाजीनं रस्त्यावरून काढून आवारात घ्यायला लावल्या.

पण गतिरोधकाच्या कडेला हातभर जागा मोकळी राहिली आणि पोरं तिथूनच गाड्या काढू लागली. मुंजाजी गिरणीतून त्यांच्यावर ओरडे. असाच एका सकाळी तो कमलबाईला घेऊन घाईत निघाला आणि हँडल आपोआप कडेला वळलं. कमलबाईनं पाठीत असा चिमटा काढला की त्यानं गाडी जागीच उभी केली. पारावर शिवकांत हसत होता. मुंजाजीनं पायांनी ढकलत गाडी मागं घेतली, मागच्या ट्रॅक्टरला हात दाखवून थांबवलं आणि पांढऱ्या पट्ट्यांवरून हळूच पुढं नेली.