चार नंबरची जीप आणि फुटका पाईप

म्हस्कू चोरमल्याचं गावात कुणाशी पटत नव्हतं, आणि पटावं असं त्यालाही कधी वाटलं नाही. मेंढरं होती तोवर त्याची भांडणं वाटेवरच्या बागायतदारांशी असायची. पुढं मेंढरं विकून त्यानं पुण्याच्या एका साहेबाची जुनी जीप घेतली, शिरूर ते चौफुला माणसं भरून न्यायचं वडाप सुरू केलं, आणि भांडणाला चाकं लागली.

त्या लाईनीवर अठरा जीपा होत्या. पावर स्टेरिंगची एकट्या म्हस्कूची. बाकीचे ड्रायव्हर शिरूरच्या पॉइंटवर, गाड्या लागायच्या तिथं, गाडी वळवताना दात-ओठ खायचे. हा एका हातानं वळवायचा आणि वळवताना रस्त्याकडं न बघता त्यांच्याकडं बघायचा. "चालू द्या तुमचा नांगर," म्हणायचा. त्यामुळं दोन हजार चारच्या उन्हाळ्यात एका सकाळी पहिल्या फेरीआधीच त्याच्या जीपखाली लाल तेलाचं थारोळं दिसलं, तेव्हा पॉइंटवर कुणाला वाईट वाटलं असेल तर ते त्यानं फार चांगलं लपवलं.

"आबा, तुमची मेंढी मुतली की," सोपानराव म्हणाला.

गाड्या नंबरानं भरायच्या; सोपानराव पाच नंबरवाला, म्हस्कू चार नंबरवाला. सकाळची कंपनीतली माणसं आणि कॉलेजची पोरं पहिल्या चार गाड्यांत भरून जायची. पाचव्याच्या वाट्याला उरलीसुरली म्हातारी आणि कोंबड्या. म्हणून चार आणि पाच यांच्यात जे अंतर होतं, ते शिरूर आणि दिल्लीत नसेल. नियम असा, की लागोपाठ तीन दिवस गाडीची जाऊन-येऊन एकही फेरी झाली नाही, तर नंबर मागच्याला. तिसऱ्या दिवशी दिवस मावळायची मुदत. हा नियम दोन वर्षांपूर्वी म्हस्कूनंच भांडून करून घेतला होता, आणि एका आजारी ड्रायव्हरचा चार नंबर त्याच नियमानं पटकावला होता. सोपानरावानं आता तोच नियम त्याला शब्द न गाळता ऐकवला.

मेस्त्रीनं बॉनेट उघडून सांगितलं, की पंपापासून स्टेरिंगकडं जाणारा रबरी पाईप फाटलाय. गाडी घरी उभी करून म्हस्कू शिरूरच्या दुकानांत हिंडला. पहिल्या दुकानदारानं विचारलं, गाडी कुठल्या सालची. म्हस्कू म्हणाला, माझी काळी मेंढी दोनदा याली त्या सालची. दुकानदार हसला, म्हणून म्हस्कूनं त्याचं खानदान काढलं आणि पायरी उतरला. दुसऱ्याकडं पाईप होता, पण त्याचे आटे वेगळे. तिसरा म्हणाला, पुण्याहून मागवतो, आठ दिवस लागतील. मग त्यालाच दया आली की म्हस्कूला घालवायची घाई झाली कुणास ठाऊक, पण त्यानं दौंडच्या दावीदचं नाव सांगितलं. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचे पाईप तो मशीनवर दाबून नवे करून देतो. फक्त जुना पाईप नमुन्याला न्यायचा.

इथं घोडं अडलं. एकदा बाजारात म्हस्कूनं एका व्यापाऱ्याकडं आपला बकरा 'बघून घे' म्हणून ठेवला होता. व्यापाऱ्यानं परत दिला तो दुसराच मरतुकडा बकरा, वर म्हस्कूच्याच खुणेचा रंग फासून. तेव्हापासून नमुना म्हणून म्हस्कू कुणाच्या हातात काही देत नसे. बायको तानुबाई घोंगडीसाठी लोकर कातून ठेवायची. त्यातला एक धागा त्यानं पाईपाला लावला, दोन्ही टोकांना गाठी मारल्या, आट्याचं माप मेस्त्रीकडून चिठ्ठीवर लिहून घेतलं, आणि दुसऱ्या दिवशी एसटीनं दौंड गाठलं. वाटेत दोन वडापवाले ओळखीचे भेटले. त्यांच्या गाडीत बसण्यापेक्षा तो चालत गेला असता.

दावीदनं धागा हातात घेतला आणि विचारलं, "हे काय?"

"माप."

"पाईप कुठाय?"

"गाडीला हाय."

दावीदनं धागा दोन बोटांत धरून ताणला, सोडला. "मामा, लोकर हाय ही. वढल तेवढी येती. पाईप आणा, अर्ध्या तासात करून देतो."

"लोकरीतलं मला शिकवतो व्हय? तुझ्या बापानं तरी मेंढरू राखलं का कवा?"

"न्हाई राखलं. तारवाले हुते ते, रेल्वेत. पण मी पाईप राखलेत वीस वर्सं."

मग दावीदनं नवा पाईप टेबलावर ठेवला आणि म्हणाला, धागा तुम्हीच धरा, म्हणजे चुकलं तर माझ्या नावानं बोंब नको. म्हस्कूचं डोकं आधीच तापलं होतं. त्यानं दोन्ही गाठी मुठीत आवळल्या आणि दावीदच्या नरडीला धरावं तसा धागा ताणून धरला. दावीदनं तिथं खूण केली, कापला, टोकं दाबून दिली.

तिसऱ्या दिवशी सकाळी मेस्त्रीनं पाईप बसवला. चांगला चार बोटं लांब. मधला भाग फुगून थेट पंख्याच्या पट्ट्यावर टेकत होता, आणि तो जाडजूड पाईप दाबून वळवता येईना. मेस्त्री म्हणाला, वाटेतल्या न्हावऱ्याला पोचायच्या आत कापून निघंल.

"रागात वढला असंल," तानुबाई म्हणाली. "सैल कातलाय त्यो. मला इचारायचं हुतं."

म्हस्कू तिच्यावर ओरडला नाही, यावरून तिनं ओळखलं की गोष्ट गंभीर आहे. दौंडला जाऊन यायचं तर दिवस मावळणार. शेवटी मेस्त्रीच म्हणाला, पाईप आणि पंपाचा पट्टा दोन्ही काढून टाकू. स्टेरिंग फिरंल, पण हलकं नाही फिरायचं, जातं वढल्यागत फिरंल. साध्या स्टेरिंगच्या गाडीपेक्षाही जड.

"काढ," म्हस्कू म्हणाला.

दुपारी गाडी पॉइंटला लागली. सोपानराव खांबाला टेकून उभा होता. माणसं भरली, म्हस्कूनं चाक वळवायला घेतलं, आणि पहिल्याच वळणाला त्याच्या मानेच्या शिरा टरारून वर आल्या. सगळे बघत होते. न्हावऱ्याच्या वळणावर तो सीटवरून अर्धा उठला आणि छातीनं चाक रेटलं. मागं बसलेल्या कुशाबाईनं विचारलं, आबा, गाडी हाकताय का कुस्ती खेळताय. तो म्हणाला, उतर खाली. ती उतरली नाही.

चौफुल्याला त्यानं गाडी फिरवली ती तीन दमांत. चहा सांगितला. कप उचलायला गेला तर बोटांत धरवेना, म्हणून तसाच परत केला. परतीच्या वाटेवर बोटं चाकाभोवती अशी आवळली होती, की ती आपली आहेत की चाकाची, हे त्याला कळेना.

दिवस बुडायला चार हात राहिला असताना जीप शिरूरच्या पॉइंटला येऊन थांबली. माणसं उतरली. फेरी पुरी झाली होती, नंबर राहिला होता, आणि हे बाकीच्या सतराच्या सतरा ड्रायव्हरांना दिसत होतं.

सोपानराव पुढं आला. चेहरा आंबट होता, पण त्यानं जे केलं ते दोन वर्षांत केलं नव्हतं. काचेजवळ येऊन हात वर केला.

"राम राम, आबा."

म्हस्कूनं हात उचलायचा प्रयत्न केला. हात उचलेना, बोटं उघडेनात. तो नुसता सोपानरावाकडं बघत राहिला.

सोपानरावाचा हात हळूहळू खाली आला. "बघा," तो मागं वळून सगळ्यांना म्हणाला, "माज बघा म्हाताऱ्याचा."

एक शब्द बोलला असता तर भागलं असतं. म्हस्कू बोलला नाही. माजोरी म्हणाले तर म्हणोत, पण हात गेले असं या सतरा जणांना कळता कामा नये. सगळे पांगेपर्यंत तो चाकाला धरून बसून राहिला. मग दातांनी एकेक बोट सोडवलं.

नंबर चारच राहिला. सोपानरावानं त्याला पुन्हा राम राम घातला नाही.