धुराला वाट करून देणारे ठोंबरेकाका

कामाची जागा बघायला आले की ठोंबरेकाका मोजपट्टी आधी काढत नसत. खिशातून उदबत्ती काढत, पेटवत आणि हात लांब करून तिचा धूर कुठे जातो ते बघत उभे राहत. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, पूजा चाललीय. तीही आमच्या बारच्या मागच्या अंगणात, सकाळी अकरा वाजता.

हिंदी मुलखातल्या आमच्या शहरात, नेपियर टाउन भागातल्या त्या बारचा मी मॅनेजर. आत सिगारेटला बंदी, त्यामुळे गिऱ्हाईक रस्त्यावर उन्हापावसात उभं राहायचं. शेवटी मालकांनी त्यांच्यासाठी मागे एक शेड करायचं ठरवलं. संरक्षण कारखान्यातून वेल्डर म्हणून रिटायर झालेले, कांचघर वस्तीतले ठोंबरेकाका अशी कामं करतात असं कळलं, म्हणून त्यांना बोलावलं.

"धूर सरकारी नोकरासारखा असतो," उदबत्ती विझवत ते म्हणाले. "वाट दाखवली नाही, तर आहे तिथंच बसून राहतो. मी स्वतः छत्तीस वर्षं होतो, मला माहीत आहे."

शेडमध्ये बाक ठेवायला त्यांनी साफ नकार दिला. बसायला मिळालं तर माणूस एकाच्या तीन ओढतो, उभ्यानं पाय दुखले की आपोआप आत येतो, असा त्यांचा हिशेब. आतच गिऱ्हाईक खर्च करतं, म्हणून मालकांनाही तो पटला.

पटलं नाही ते पुढचं. छप्पर उभं राहिल्यावर मालक म्हणाले, थंडी येतेय, चारी बाजूंनी प्लास्टिकचे जाड पडदे लावा.

"मग ही खोलीच झाली की," काका म्हणाले. "खोली तर आत होतीच. काहून बाहेर काढून राहिले लोकांना?"

मालक हटेनात. काकांनी चहा संपवला, हत्यारांची पिशवी उचलली आणि गेले.

पडदे दुसऱ्या कारागिरानं लावले. आठ दिवसांत शेजारच्या घरातल्या तिवारी मॅडम खाली आल्या. निवृत्त शिक्षिका, दम्याचा त्रास, हातात पंप. छपराखालच्या फटीतून निघालेला सगळा धूर थेट त्यांच्या पहिल्या मजल्यावरच्या खोलीत जात होता. त्या ओरडल्या नाहीत. चाळीस वर्षं त्या खोलीत राहतेय, आता खिडकीपाशी बसता येत नाही, एवढंच हिंदीत सांगितलं आणि धापा टाकत पायरीवर बसल्या. मालक खाली मान घालून मला म्हणाले, त्या काकांना बोलाव.

काका आले. 'सांगितलं होतं ना' हे शब्द त्यांच्या तोंडून निघाले नाहीत. आधी वर जाऊन त्यांनी मॅडमना खिडकीपाशी खुर्चीत बसवलं. मग उदबत्त्यांचा जुडगा पेटवून अंगणभर फिरू लागले.

"दीदी, महक आई?"

"आई, भैया."

चार पावलं सरकून पुन्हा तोच प्रश्न, वास आला का; पुन्हा तेच उत्तर, आला. असं अर्धा तास चाललं. शेवटी पलीकडच्या कोपऱ्यात, जिथे मालकांची गाडी उभी असे, तिथे ते बराच वेळ थांबले.

"कुछ नहीं," वरून आवाज आला.

मालकांनी गाडीकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं आणि खिशातून किल्ली काढली. चार दिवसांत काकांनी शेड कापून त्या कोपऱ्यात हलवली. पडदे भंगारात गेले.

ह्या जानेवारीत काका बायकोला, सुमनकाकूंना घेऊन कायमचे नागपूरला, मुलीकडे निघाले. जायच्या आदल्या दिवशी शेडचे नटबोल्ट तपासायला आले. मी सवयीनं सिगारेटचं पाकीट पुढे केलं. त्यांनी मान हलवली.

"सोडून दहा वर्षं झाली. तीस वर्षं ओढली, दोन खोल्यांच्या क्वार्टरात, पलंगावर बसून. सुमन खिडकी उघडायची. मला थंडी वाजते म्हणून मी बंद करायचो. एकदाही बोलली नाही ती." त्यांनी पुढचा बोल्ट आवळला. "आता रात्रभर बसून श्वास घेते. नागपूरला तिच्या इलाजासाठीच चाललो. बाहेर जाऊन उभं राहायला काय लागत होतं मला?"

मी त्यांना ऑटोत बसवून दिलं.

घरी जेवण झाल्यावर मी पाकीट घेतलं आणि पायांत चपला सरकवल्या. बायकोनं विचारलं, कुठे चाललात? म्हटलं, खालीच. जिना उतरताना मागे आवाज आला. माझ्या धुरासाठी रोज थंडीत उघडी ठेवलेली खिडकी ती लावून घेत होती.