खेजडीखालचे खडे

बाबांची अंबरनाथची कंपनी बंद पडली तेव्हा मी सातवीत होते. त्यानंतर आमच्या बदलापूरजवळच्या चामटोलीच्या घरात तांदूळ पोत्यांनी यायला लागला, पण खायला नाही, निवडायला. उल्हासनगरला एका सिंधी शेठचं किराण्याचं मोठं दुकान होतं. त्याचा टेम्पो पोती टाकून जायचा आणि आई, मी नि माझी धाकटी बहीण सुपं घेऊन बसायचो. पोत्यात एक खडा निघाला तरी शेठ अख्खं पोतं परत पाठवायचा. वर म्हणायचा, "माई, गिऱ्हाईक का दांत टूटेगा तो तू बसवून देणार काय?" बाबा दिवसभर काम शोधत फिरायचे. आमच्याकडे घासात खडा आला तर कुणी बोलत नसे, कारण चांगला तांदूळ शेठचा आणि कणी आमची.

आईची एक शिस्त होती. निवडलेले खडे इकडेतिकडे भिरकवायचे नाहीत. वाटीत जमवायचे आणि शेवग्याच्या बुंध्याशी नेऊन ओतायचे, म्हणजे कुणाच्या पायाखाली येत नाहीत. काही वर्षांत शेवग्याखाली चांगला ढीग झाला. मी तिथं बसून खडे रंगाप्रमाणे लावायचे. पांढरे इकडे, तांबडे तिकडे. माझं डोकं तिथंच फिरलं असणार.

पुढे बाबांना बदलापूरच्या एका टॉवरवर वॉचमनची नोकरी लागली आणि मी बी.ए. झाले. आमच्या घरात कॉलेजचं तोंड बघितलेली पहिली मी. हे मी सांगते, आणि कुणी विचारलं नाही तरी सांगते. एवढ्यावर थांबावं ना? नाही. मी पुरातत्त्वाच्या एम.ए.ला नाव घातलं. काकांनी गावभर केलं, "पोरगी दगडं शोधायचं शिकते. आपल्या डोंगरावर दगडं कमी हायत काय?"

एम.ए.च्या शेवटच्या वर्षी उत्खननाला जायचं ठरलं. राजस्थानच्या वाळवंटात. बाबा म्हणाले, "एकटी नाय जायचं." मी म्हटलं, आमच्या मॅडम आहेत, बाकीची मुलं आहेत. "एकटी नाय जायचं." संपलं. मी रडतरडत मॅडमना फोन केला. त्या हसल्या. "अगं, कॅम्पवर स्वयंपाकाला बाई हवीच आहे. मावशींना घेऊन ये."

आई! जिने कल्याणच्या पुढे देवदर्शनाशिवाय पाऊल टाकलं नव्हतं, ती वाळवंटात निघाली. पिशवीत सुकट घेतली. ट्रेनमध्ये त्या वासानं समोरचं कुटुंब उठून दुसरीकडे बसलं, तर आई म्हणते, "बरं झालं, पाय पसरायला जागा झाली."

आणि मग ती टेकडी दिसली. चारी बाजूंना सपाट वाळू, मध्येच काळा खडक उभा. तिकडचे लोक तिला नुसतं भाखर म्हणतात. भाखर म्हणजे टेकडी. रस्ता चुकलेला माणूस तिच्याकडे बघून गाव गाठतो. हजारो वर्षांपूर्वी, धातू माहीत नसलेली माणसं इथं यायची, कारण खाली तेव्हा तळं होतं आणि वर चांगला चकमकीचा दगड. टेकडीच्या सावलीत बसून ती दगडाची बारीक पाती काढायची. त्या कामात उडालेल्या कपच्या अजून वाळूत पडून आहेत. पहिल्या दिवशी मॅडमनी एक कपची माझ्या तळहातावर ठेवली. नखाएवढी, मधासारख्या रंगाची. मी एवढी खूश झाले की वाळूत गिरकी घेतली आणि आपटले. आई चुलीपासून ओरडली, "लाज नाय वाटत, घोडी झालीस!"

काम असं चालायचं. चौकोन आखायचा, थराथरानं वाळू काढायची आणि चाळणीतून चाळायची. वाळू खाली पडते, चाळणीत राहतं ते आपलं. आई लांबून बघायची. एकदा विचारलं होतं, "कुणाचं घर बांधतात गो?" मी घाईत होते, हसून निघून गेले. माझं चुकलं ते तिथं.

माझा प्रबंध एका चौकोनाच्या सगळ्यात खालच्या थरावर होता. तो थर मॅडमनी माझ्या नावावर दिला होता. परवान्याची मुदत संपत आलेली, दुसरा चौकोन उघडायला वेळ नव्हता. त्या थरातून जे निघेल त्यावर प्रबंध, आणि प्रबंधावर माझी पदवी.

त्या सकाळी थराची वाळू घमेल्यांत भरून चाळणीशी ठेवली आणि मॅडमनी टेप धरायला पलीकडे बोलावलं. परत आले तर आई चाळणीपाशी बसलेली, पदर खोचलेला, चेहरा उजळलेला. सगळी घमेली रिकामी. चाळणी लख्ख. खाली ताडपत्रीवर वाळूचा सुरेख ढीग, वरून हातानं सारखा केलेला.

"बघ," आई म्हणाली. "एक खडा ठेवला नाय."

मी चाळणी उलटी करून बघितली. तिच्या बाजूनं विचार केला तर तिनं काय चुकीचं केलं? बदलापूरला जिथं बघाल तिथं बिल्डिंग उठते. वाळू चाळतात ती गिलाव्याला, वरचे खडे फेकून देतात. आणि तांदळातून खडे काढणं तर तिचा धंदाच!

"आई, खडेच हवे होते गं! वाळू नको होती!"

"आता दगडं कोण ठेवतं?" आई म्हणाली. तोवर मॅडम आल्या, मुलं आली. एकाने चाळणीत बघितलं आणि डोक्याला हात लावला. मॅडमनी हळूच विचारलं, "मावशी, टाकले कुठं?"

आई चिडली. "कुठं म्हंजे? फेकून देईन कुठंपण? पोरं अनवाणी फिरतात, पायात नाय जाणार?" उठली आणि तरातरा चालत चुलीमागच्या खेजडीपाशी गेली. तिथलंच एक काटेरी झाड. त्याखालची वाळू आईने सकाळीच झाडून काढली होती, अंगण झाडते तशी. आणि त्या स्वच्छ वाळूवर, बुंध्याला टेकून, आमच्या शेवग्याखाली असायचा तस्सा, एक ढीग.

आम्ही सगळे धावलो. मॅडमसुद्धा गुडघ्यांवर. काटे लागत होते आणि आम्ही खिदळत होतो. पाती, कपच्या, तुकडे, सगळं एका जागी. तळाशी अंगठ्याएवढा दगड होता, ज्याच्या अंगावरून पाती काढून काढून सगळीकडून पैलू पडलेले. मॅडमनी तो उन्हात धरला आणि "अय्या!" म्हणाल्या. मॅडम, "अय्या" म्हणाल्या!

"हा कुणी टाकला असेल?" आईने विचारलं.

"असंच कुणीतरी, मावशी. आता यातून पातं निघत नाही म्हटल्यावर बाजूला टाकला."

आईने दगड हातात घेऊन उलटापालटा केला. "मग त्यांनी टाकलेला मी टाकला. मला कशाला ओरडतेस?"

मी लोळून हसले. संध्याकाळी सुकटीचं कालवण झालं आणि मॅडमनी दोनदा वाढून घेतलं.

प्रबंधात मी लपवलं नाही. या थरातले अवशेष चाळल्यानंतर चुकून टाकले गेले व झाडाखालून परत गोळा केले, असं सरळ लिहिलं. तोंडी परीक्षेला बाहेरचे सर त्याच वाक्यावर बोट ठेवून बसले. "चुकून म्हणजे? कुणी टाकले?"

 खोटं बोलावंसं क्षणभरही वाटलं नाही. "माझ्या आईने, सर. ती तांदूळ निवडायची." आणि मग शेठपासून खेजडीपर्यंत सगळं सांगितलं. सरांनी चष्मा काढून डोळे पुसले, हसून हसून. मग विचारलं, "सगळे मिळाले हे कशावरून?"

"सर, तिनं निवडलेल्या पोत्यात खडा राहत नसे. चाळणीतही राहिला नाही. आणि ती एकाच जागी टाकते. तरी संख्येची नोंद मी 'अंदाजे' अशीच केली आहे."

निकाल लागला. प्रबंध मंजूर झाला, मला फर्स्ट क्लास मिळाला. आमच्या घरात पहिली पदवी माझी, आणि पहिलं एम.ए.ही माझंच.