ओळखीचं माणूस

खेडच्या शोरूममध्ये कर्जाचं बघणाऱ्या माणसाने फोन स्पीकरवर टाकला, माझं पूर्ण नाव घेतलं आणि विचारलं, "या बाईंना तुम्ही ओळखता ना?"

पलीकडे आमच्या वैनी होत्या. आंजर्ल्यातल्या बागायतदारांच्या घरच्या.

"नाही हो. हे नाव कधी ऐकलं नाही."

मला वाटलं, आवाज पोचला नसेल. तो म्हणाला, "तुमच्याकडे मासे घेऊन येतात त्या."

"ती मासेवाली होय? मग तसं सांगा की. तिला नाव कोण विचारतंय." हसल्या. "गाडी घेत्येय? ती?" मग आवाज बदलला. "हे बघा, मासे ताजे देते, एवढंच मला ठाऊक. उद्या हप्ते थकले की तुम्ही आमच्या दारात याल. माझं नाव कुठे लिहू नका."

फोन बंद. शेजारच्या टेबलावर गाडीचा रंग निवडत बसलेलं जोडपं वळून माझ्याकडे बघायला लागलं. माझी लेक खाली फरशीकडे बघत राहिली.

आता वैनींचं नाव मी का दिलं, ते सांगते. कर्ज द्यायचं तर ओळखीची दोन माणसं सांगावी लागतात. एक माझा भाऊ झाला. दुसरं कोण, म्हटल्यावर तोंडात वैनीच आल्या. लग्न होऊन आले तेव्हापासून त्यांच्या मागीलदारी माशांची पाटी उतरवते मी. वैनी सोमवारी खात नाहीत, सौंदाळे त्यांच्या आवडीचे, नातवाला काट्याची भीती म्हणून सुरमई, सगळं मला पाठ. त्यांचं ऑपरेशन झालं तेव्हा मासे साफ करून, तुकड्या करून द्यायचे. घरी येऊन लेकीला सांगायचे, वैनी म्हणजे आपलं माणूस.

नवरा गेला, दिवसकार्य उरकून पुन्हा पाटी उचलली, तर वैनी म्हणाल्या, "कुठे होतीस गो? सुकटीवर दिवस काढले आम्ही." मी सांगितलं. "अरे अरे," म्हणाल्या आणि बांगड्याचा भाव विचारला. मी भाव सांगितला. असतील घाईत, असं मनाला समजावलं. माणूस आवडलं की त्याच्या वतीने आपणच बोलत राहतो.

आणि गाडी कशाला, तर मान गेली हो. डोक्यावर पाटी घेऊन चढ चढवत नाही. लेक लोट्याला कंपनीत आहे, तिने हट्टाने मला ड्रायव्हिंग स्कूलला घातलं. शिकवणारा म्हणायचा, "मावशी, गिअर आहे तो, वल्हं नाही." पण शिकले. लायसन मिळालं. नवऱ्याने जन्मभर दुसऱ्याची होडी चालवली, घर दिराच्या नावावर. माझ्या नावावर काहीच नाही. ही गाडी माझ्या नावावर होणार होती.

तो कर्जवाला तसा वाईट नव्हता. हळूच म्हणाला, "मावशी, दुसरं कोणी सांगा. शिक्षक, डॉक्टर. जरा वजन असलेलं माणूस."

"सुलभा लिहा."

"त्या काय करतात?"

"मासे विकते. बंदरावर माझ्या शेजारी बसते."

त्याने पेन खाली ठेवलं. "असं नाव पाठवलं तर वरचे हसतील मला."

नवरा गेला त्या दिवशी त्याला होडीतून उतरवून वाळूवर ठेवलं, तेव्हा त्याचं डोकं सुलभाच्या मांडीवर होतं. तिचं नाव मला आधी का सुचलं नाही? वजन कुठल्या दारात असतं, ते मलाही शिकवूनच ठेवलेलं.

म्हटलं, "हसू देत. मी कोण ते तिला माहीत आहे. ती चालत नसेल तर मीही चालत नाही." उठले. लेक मागून आली. बसमध्ये तिने माझा हात धरला होता, मी सोडवून घेतला. तसाच धरू दिला असता तर तिथेच रडले असते.

दुसऱ्या दिवशी वैनींच्या पुढच्या दारी उभी राहिले.

"अगो, मागून ये."

मी माझं नाव सांगितलं. आडनावासकट.

"कालचं मनाला लावून घेतलंस होय? त्याने असं अचानक विचारलं, मी काय सांगू? बरं, सौंदाळे आहेत का?"

होते. ताजे, त्यांच्यासाठीच वेगळे काढायची सवय. पाटीवरचं फडकं उचललं नाही. वळले. एवढ्या वर्षांचं येणं-जाणं, पण त्यांनी मागून हाक मारली ती, "अगो मासेवाले". पायऱ्या उतरताना डोळ्यांना काही दिसत नव्हतं.

गाडी मी घेणार. दापोलीत विचारीन, चिपळुणात विचारीन. जिथे सुलभाचं नाव लिहून घेतील तिथूनच. वैनी उद्या स्वतः सही द्यायला आल्या तरी त्यांच्या शब्दावर गाडी घेणार नाही, आणि माझ्या हातचा मासा त्या घरात जाणार नाही. सुलभाला सांगून ठेवलंय, तुला तिकडे विकायचं तर वीक, पोट आहे. पण पुढच्या दाराने जा. आणि माशाचा भाव सांगायच्या आधी तुझं नाव सांग.